वाटीभर पोटाचा खुराक

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी सिंहगड चढत होतो. अतकरवाडीची वाट. पुण्याच्या माणसाला या वाटेचे कौतुक सांगायला नको. दर रविवारी उजाडायच्या आत शेकडो माणसे इथे घाम गाळायला येतात. माझ्यासाठी मात्र तो दिवस वेगळा होता. अकरा महिन्यांपूर्वी माझ्यावर गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हा माझे वजन १२१ किलो होते, त्या दिवशी ८४. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पहिल्यांदाच, मी पायथ्याशी गाडीतून उतरून पायी निघालो होतो.

दोन तृतीयांश वाट संपली आणि पाय जड झाले. बरोबरचा मित्र जुना गिर्यारोहक. त्याने पिशवीतून बाटली काढली. "सर, हे घ्या. ग्लुकोजचं पाणी आहे. वर दोन तुकडे चिक्की खा. पाच मिनिटांत तरतरी येईल." मी अर्धी बाटली घटाघटा प्यालो, चिक्की खाल्ली. तरतरी आली नाही. पंधरा मिनिटांत पोटात कळ आली, छाती धडधडू लागली आणि त्या थंडीतही अंगाला दरदरून घाम सुटला. एका दगडावर टेकलो तो अर्धा तास उठलो नाही. ताक विकणाऱ्या मावशी "दादा, पडा जरा आडवं" म्हणत शेजारी उभ्या राहिल्या. तिथूनच आम्ही खाली परतलो.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, साखरेचं पाणी? तेही एका दमात? हे तर तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं." सांगितले होते, हे खरे. पण मित्राने सांगितले तेही खोटे नव्हते. दमलेल्या माणसाला साखर द्यावी, या सल्ल्याला शंभर वर्षांच्या प्रयोगांचा आधार आहे. मी इतिहासाचा शिक्षक. दोन जाणकार एकाच गोष्टीबद्दल उलट सांगू लागले, की ती दोन्ही मते कुठून आली हे शोधत बसायची मला जुनी खोड आहे. त्या रविवारनंतरचे काही महिने मी या शोधात घालवले. हाती लागले ते असे : व्यायाम करणाऱ्याने काय खावे याचा एक इतिहास आहे, आणि जठर कापलेल्या माणसाने काय खावे याचा दुसरा. दोन्ही साधारण एकाच काळात, कधी कधी तर एकाच शहरात घडले. पण पहिल्याने सबंध जठर कायम गृहीत धरले आणि दुसऱ्याने आपला रोगी कधी डोंगर चढेल असे धरलेच नाही. सिंहगडाच्या वाटेवर मी या दोहोंच्या मधल्या फटीत पडलो होतो.

१

पहिला इतिहासही एका डोंगरापासूनच सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या शब्दाला मोठे वजन होते. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणिरसायनावरील ग्रंथात त्याने मांडले, की स्नायू काम करतात ते स्वतःच्या प्रथिनांचा क्षय करून. म्हणजे जो जास्त राबेल त्याने जास्त मांस खाल्ले पाहिजे. हे मत लोकांना पटण्याजोगे होते. मांसाने मांस वाढते, हे कुणालाही सांगावे लागत नाही.

झुरिकचे दोन प्राध्यापक, आडोल्फ फिक आणि योहानेस विसलिसेनुस, यांनी ते तपासायचे ठरवले. ३० ऑगस्ट १८६५ रोजी पहाटे ते ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरून निघाले आणि दुपारी फाउलहॉर्न शिखरावर पोचले. चढण १,९५६ मीटरची. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी प्रथिने असलेला एकही पदार्थ तोंडात घातला नव्हता. पिठूळ पदार्थ, चरबी आणि साखर यांच्या टिकियांवरच ते होते. चढताना आणि चढून गेल्यावर त्यांनी आपले मूत्र गोळा केले, कारण शरीरात मोडलेल्या प्रथिनांतला नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडतो. हिशेब निघाला : चढाईच्या आणि त्यानंतरच्या काही तासांत दोघांच्याही शरीरात प्रत्येकी सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने मोडली होती. फिकचे वजन ६६ किलो, विसलिसेनुसचे ७६. एवढी वजने १,९५६ मीटर वर न्यायला लागणारे काम काढणे सोपे होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एडवर्ड फ्रँकलंडने अन्नघटक जाळून त्यांची उष्णता मोजली आणि आकडे शेजारी शेजारी मांडता आले. ती ३७ ग्रॅम प्रथिने फार तर निम्म्या कामाला पुरली असती. स्नायूंचे यंत्र मिळालेल्या उर्जेचा थोडाच भाग कामी लावते हे धरले, तर त्याहूनही किती तरी कमी कामाला. उरलेले काम पिठाने, साखरेने आणि चरबीने केले होते. प्रथिने ही शरीराची बांधणी आहे, इंधन मुख्यतः दुसरे आहे, हा भेद त्या डोंगरावर प्रथम नीट दिसला.

वाचता वाचता मी माझाही हिशेब मांडला. अतकरवाडीपासून गडापर्यंतची चढण सुमारे ६०० मीटर. ८४ किलोचा माणूस तिथवर नेण्याचे निव्वळ काम भरते सुमारे ११८ कॅलरी. शरीर त्यासाठी चार-पाच पट खर्च करते, म्हणजे पाचशे ते सहाशे कॅलरी. त्या महिन्यांत माझे दिवसभराचे सगळे खाणे मिळून अकराशे-बाराशे कॅलरींच्या आसपास होते. एका सकाळी अर्ध्या दिवसाचे अन्न मी डोंगरावर खर्च करायला निघालो होतो आणि घरून निघताना खाल्ले होते अर्धे उकडलेले अंडे.

फाउलहॉर्नचा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी मानला. आखाड्यांनी आणि व्यायामशाळांनी तो फारसा मनावर घेतला नाही. म्युनिकच्या कार्ल फोइटने कष्टकरी माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने लागतात असे सांगितले. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडनने प्राध्यापक, सैनिक आणि खेळाडू विद्यार्थी यांना महिनोन्‌महिने त्याच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनांवर ठेवले, आणि त्यांची ताकद घटत नाही हे १९०४ साली ग्रंथरूपाने दाखवले. तोवर दुधातली प्रथिने वाळवून केलेली 'प्लाझ्मॉन' ही भुकटी बाजारात आली होती आणि पीळदार शरीराचा जगप्रसिद्ध युजीन सँडो तिची शिफारस करत होता. हाच सँडो विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानचाही दौरा करून गेला. आज व्यायामशाळेच्या काउंटरवर रचलेले भुकटीचे डबे ही काही या शतकाची कल्पना नव्हे.

इकडे वसाहतीच्या सरकारलाही प्रथिनांचे कुतूहल होते, त्यामागचे हेतू वेगळे. रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टराने निलगिरीतल्या कुन्नूरला उंदरांचे गट पाडून त्यांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा आहार दिला. गहू, दूध, लोणी आणि भाज्या असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले, सडीक तांदळाच्या मद्रासी आहारावरचे सर्वांत किरकोळ. त्या रांगेत मराठा आहारही होता, आणि तो वरच्या बाजूला होता. कुठला समाज लढवय्या आणि कुठला दुबळा या साहेबी कल्पनांना असे आकडे सोयीचे होते. पण भात सडून, नुसता भातच खाल्ला की शरीर खंगते, हे त्यातले सत्यही खोटे नव्हते.

आमच्या घरात हा सगळा इतिहास एका शब्दात सांगितला जाई : खुराक. माझे मामा कोल्हापूरचे. तरुणपणी तालमीतले. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले, त्या परंपरेचा वारा अंगावर घेतलेली ही पिढी. दूध, तूप, बदाम, खारीक, थंडाई आणि मटण. आणि तेही पेल्यात नव्हे, तांब्यात. पहिलवानाच्या खुराकाची मोजणी त्याच्या जोर-बैठकांइतकीच अभिमानाने होत असे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवाळीला, सिंहगडाच्या त्या प्रसंगाआधी महिनाभर, मामा आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या ताटलीत अर्धी चकली आणि दोन चमचे पनीर पाहून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काय रं भाच्या, रोज फिराय जातोस म्हनं, व्यायाम करतोस म्हनं. आनि खातोस काय हे? चिमनीगत? रिकाम्या चुलीवर तवा ठेवून भाकरी हुतीया व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे फिक आणि विसलिसेनुस यांनाही मान्य झाले असते.

२

दुसरा इतिहास रुग्णालयात घडला. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट या शल्यविशारदाने कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा खालचा भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. ती या शस्त्रक्रियेतून वाचली, पुढे काही महिने जगली. जठराचा तुकडा काढूनही माणूस जेवू शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. पुढे १८९७ साली कार्ल श्लाटर याने छपन्न वर्षांच्या एका स्त्रीचे सबंध जठरच काढले आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. ती वर्षाहून अधिक काळ जगली, तिचे वजनही वाढले. हे घडले झुरिकला. फाउलहॉर्नवर चढून गेलेले दोन प्राध्यापक ज्या शहरात शिकवत होते, त्याच शहरात. बत्तीस वर्षांचे अंतर. एकाने विचारले, चढायला काय लागते. दुसऱ्याने विचारले, जगायला किती पोट लागते.

जठर कापलेले रोगी वाढले तसे त्यांचे चमत्कारिक त्रासही डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले. जेवल्यावर थोड्याच वेळात घाम, धडधड, कळा, जुलाब, गळून जाणे. १९२२ साली अमेरिकेत चार्ल्स मिक्सने या प्रकाराला 'डंपिंग' हा शब्द वापरला. मालमोटारीतून वाळू ओतावी तसे अन्न आतड्यात ओतले जाते, अशी त्यामागची कल्पना. सबंध जठर ही नुसती पिशवी नसते. ते अन्न धरून ठेवते, घुसळते आणि थोडे थोडे करून पुढे सोडते. घाट उतरताना गाडीवान ब्रेक दाबून धरतो तसे. तो ब्रेक गेला, की साखरेचे दाट पाणी एकदम लहान आतड्यात उतरते. ते पातळ करायला शरीर रक्तातले पाणी आतड्यात ओढून घेते. आतडे फुगते, रक्तदाब ढळतो, हृदय धावू लागते. पुढे तासा-दोन तासांनी दुसरा धक्का बसू शकतो : साखर झपाट्याने रक्तात गेली म्हणून इन्शुलिन जास्त सुटते आणि रक्तशर्करा गरजेपेक्षा खाली उतरते. सिंहगडाच्या वाटेवर मला झाले ते पहिल्या प्रकारचे होते. शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेला आजार.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बिलरोटने ती शस्त्रक्रिया केली त्याच १८८१ साली कार्ल वेर्निके या डॉक्टराने मेंदूचा एक विकार नोंदवला : डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, मन गोंधळते. त्याच्या तीन रोग्यांपैकी दोघे दारूच्या आहारी गेलेले होते. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी होती. तिने गंधकाम्ल प्यायले होते, त्याने तिच्या जठराचे तोंड आवळले आणि तिला सतत उलट्या होत होत्या. कारण वेर्निकेला ठाऊक नव्हते. जीवनसत्त्व हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. आज आपण जाणतो, की तो थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव होता. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. म्हणून आजही वजनासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उलट्या थांबेनाशा झाल्या, तर डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन देतात.

तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची आहे. सिंहगडावरून परतल्यावर मी ठरवले, की माझ्यात प्रथिने कमी पडतात. मामांचे शब्द कानात होतेच. भुकटीचा मोठा डबा आणला, सकाळ-संध्याकाळ घेऊ लागलो. वजन उचलण्याचे व्यायाम सुरू केले. पण दम वाढतच गेला. वर्गाचा एक जिना चढलो तरी टेबलाला धरून उभे राहावे लागे. प्रथिने वाढवली, दम कमी झाला नाही. शेवटी रक्त तपासले : हिमोग्लोबिन ९.२. शस्त्रक्रियेनंतर मला लोहाच्या आणि ब-१२च्या गोळ्या जन्मभरासाठी लिहून दिल्या होत्या. लोहाने पोट साफ होत नाही म्हणून चौथ्या महिन्यात मी त्या बंद केल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर बाकीच्याही. कुणाला सांगितले नव्हते. पत्नीने रिपोर्ट वाचला आणि एवढेच म्हणाली, "इतिहासाच्या माणसाने नोंदी लपवू नयेत."

रक्ताचे आणि जठराचे हे नाते उलगडायलाही मोठा काळ गेला. घातक पांडुरोगाच्या रोग्यांना यकृत खाऊ घातले की ते सुधारतात, हे १९२६ साली बॉस्टनमध्ये कळले होते. तिथल्याच विल्यम कॅसलने विचार केला, की निरोगी माणसाला यकृत का लागत नाही? त्याने स्वतः अर्धेकच्चे मांस खाल्ले, तासाभराने ते पोटातून परत काढले आणि नळीने रोग्यांना दिले. रोगी सुधारले. नुसत्या मांसाने सुधारत नव्हते. म्हणजे निरोगी जठर अन्नात काही तरी मिसळते, त्याशिवाय अन्नातला उपयोगी घटक शोषला जात नाही. तो घटक म्हणजे ब-१२. तो वेगळा काढता आला १९४८ साली.

याच प्रश्नाचा एक धागा मुंबईत सापडतो. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली, ती गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास करायला. यकृताचा शुद्ध अर्क त्यांना लागू पडत नव्हता, पण यीस्टपासून केलेला स्वस्त मार्माइट लागू पडत होता. तिचा शोध १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. गिरणगावातल्या अर्धपोटी बायकांच्या रक्तातून जे ज्ञान निघाले, ते आज माझ्या रोजच्या गोळीत आहे. मी ती गोळी चार महिने नव्हे, आठ महिने कपाटात ठेवली होती. धावणाऱ्याच्या स्नायूंना प्राणवायू पोचवते ते रक्त. रक्तच पातळ असेल, तर प्रथिनांचा सगळा डबा रिकामा केला तरी जिना चढता येत नाही.

३

आता साखरेकडे परत येतो, कारण मित्राचा सल्ला तिथून आला.

मिक्सने डंपिंगचे नाव घेतले त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२४ साली, बॉस्टनच्या डॉक्टरांनी तिथल्या मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर धावपटूंचे रक्त घेतले. काहींची साखर इतकी उतरली होती की ते पांढरेफटक, थरथरते, गोंधळलेले होते. पुढच्या वर्षी त्याच डॉक्टरांनी धावपटूंना आधीपासून कर्बोदकांचा आहार दिला आणि धावताना गोळ्या-मिठाई खायला लावली. साखर टिकली, धावपटू ताजेतवाने राहिले. १९६०च्या दशकात स्टॉकहोममध्ये योनास बेर्गस्ट्रॉम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुईने मांडीच्या स्नायूचा कण काढून त्यातला ग्लायकोजेनचा साठा मोजला. कर्बोदकांनी भरपूर आहारानंतर माणूस सायकल चालवत टिकतो तो, कर्बोदके जवळजवळ वर्ज्य केल्यानंतरच्या वेळेच्या सुमारे तिप्पट. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केडने फुटबॉलपटूंसाठी मीठ-साखरेचे पेय केले. तिथून पुढे साखरेचे पाणी ही खेळाडूची निशाणी झाली.

त्याच दशकात, १९६६ साली, आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसनने वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास केली. त्याने पाहिले होते, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचे वजन नंतर वाढता वाढत नाही. जो त्रास होता, त्यालाच त्याने उपचार केले. त्याआधी १९५४ साली मिनेसोटात आर्नल्ड क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराच भाग वगळणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. तिने वजन उतरले, पण पुढच्या काळात कित्येक रोग्यांचे यकृत, मूत्रपिंडे आणि हाडे तिने उद्ध्वस्त केली. ती सोडून द्यावी लागली. मेसनची पद्धत टिकली. १९९४ साली ती दुर्बिणीतून करता येऊ लागली आणि मग माझ्यासारख्या शिक्षकापर्यंत पोचायला तिला फार वर्षे लागली नाहीत.

एकाच दशकातल्या या दोन घटना मी एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ पाहत बसलो. फ्लोरिडात खेळाडूच्या हाती साखरेचे पाणी दिले गेले. आयोवात असे पोट घडवले गेले, ज्याला साखरेचे पाणी सोसत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज नव्हती, कारण जाड माणूस खेळाडू होईल असे तेव्हा कुणाच्या मनात आले नसावे. शस्त्रक्रिया ही त्याची शेवटची पायरी मानली जाई. वजन उतरले, गोष्ट संपली.

गोष्ट तिथे संपत नाही, हे हळूहळू कळले. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही उतरतात. स्नायू राखायचे तर प्रथिने हवीत आणि त्यांना काम द्यायला हवे. नुसते खाऊन किंवा नुसते वजन उचलून भागत नाही. म्हणून आज अशा रोग्यांना दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने सांगतात, आणि गरजेप्रमाणे आदर्श वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत. सबंध जठराच्या व्यायामपटूंसाठी हाच आकडा १.४ ते २ ग्रॅम सांगितला जातो. कागदावर दोन आकडे जवळ आले आहेत. अडचण कागदावरची नाही, वाटीची आहे. शस्त्रक्रियेनंतर जठराची पिशवी उरते तीस मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे. वर्षभरात ती थोडी सैल होते, तरी जेवण वाटीभरच. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, वाटीभर वरणात सहा-सात. त्यात जेवताना पाणी प्यायचे नाही. आधी आणि नंतर अर्धा तास थांबायचे. उरलेल्या दिवसात घोट घोट करून दीड-दोन लिटर पाणी. व्यायामानंतर अंग दुखले तर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण बायपासच्या जोडावर व्रण होतो. दिवसच पुरत नाही. व्यायाम करणाऱ्या अशा माणसाचे घड्याळ हेच त्याचे ताट असते.

आहारतज्ज्ञ बाईंनी आणि मी मिळून माझे वेळापत्रक बसवले. पहाटे निघण्याआधी तासभर अर्धे केळे आणि दोन चमचे घट्ट दही. चढताना दर दहा मिनिटांनी दोन घोट, पातळ ताक किंवा पाणी, किंचित मीठ घालून. साखर विरघळवून नाही. तासापेक्षा जास्त चढायचे तर मूठभर फुटाणे, एक एक दाणा चावून. उतरल्यावर अंडे किंवा भुकटी. जेवणात आधी पनीर, उसळ, मासा; भाकरी शेवटी, जागा उरली तर. लोहाची गोळी बदलून घेतली. ब-१२चे इंजेक्शन महिन्याला. दुसऱ्या कुणाला हेच लागू पडेल असे नाही. माझ्याबरोबर शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंना ताक चालत नाही आणि खजूर मात्र सोसतो. एका आकड्यात बसवायची घाई इथे उपयोगी नाही, हे सँडोच्या डब्यापासून आजवरच्या इतिहासाने मला शिकवले. फोइटचा ११८चा आकडाही एके काळी सगळ्या जगाचा होता.

चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२.६ झाले. जिना आता मोजावा लागत नाही.

४

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा अतकरवाडीहून निघालो. मामा आदल्या दिवशीच कोल्हापूरहून आले होते. त्यांना भाच्याची चढण बघायची होती, पण गुडघे साथ देत नाहीत. माझा मुलगा त्यांना गाडीने वर घेऊन गेला. मी दर दहा मिनिटांनी थांबून दोन घोट पीत चढलो. रोजचे चढणारे बाजूने पुढे जात होते. मागच्या वेळी मी बसलो होतो तो दगड आला, त्याला हात लावला आणि पुढे निघालो. वर पोचायला दोन तास दहा मिनिटे लागली.

मामा एका टपरीच्या बाकावर बसले होते. समोर पिठले-भाकरी, कांदा, ठेचा आणि मटक्यातले दही. मी बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग दह्याचे मटके माझ्या पुढ्यात सरकवले. भाकरीचा चतकोर मोडून माझ्या ताटलीत ठेवला आणि पिठल्याचे दोन चमचे.

"एवढंच न्हवं का?"

"एवढंच, मामा."

"मग उरल्याली भाकरी मी खातो," ते म्हणाले. आणि माझ्या वाटणीची ती पाऊण भाकरी त्यांनी सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मी तोवर दह्याचे चार चमचे संपवले. उन्हे वर आली होती. खाली खडकवासल्याचे पाणी चमकत होते, आणि चढणारे अजून येतच होते.